खिशातला अमोनिया मीटर: आठ महिने वापरून

तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर एकोणीस वर्षं थंडाव्याचा अमोनिया प्लांट सांभाळतोय. गळती शोधायला आमच्याकडे दोनच गोष्टी, नाक आणि गंधकाची काडी. पेटलेली काडी सांध्याजवळ नेली आणि पांढरा धूर निघाला की समजायचं, इथंच आहे. दिवाळीनंतर मालकांनी हा खिशाला अडकवायचा मीटर आणला तेव्हा मी म्हटलं, आलं खेळणं.

तिसऱ्याच दिवशी रिसिव्हरजवळून, म्हणजे द्रव अमोनियाच्या टाकीजवळून, जाताना तो थरथरला. आकडा २७ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २७. व्हॉल्व्हच्या ग्लँडपाशी, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलपाशी, धरला तर ६०. मला वास म्हणून आला नव्हता! दिवसभर त्याच हवेत राहून नाक मरतं, हे ऐकून होतो, पटलं त्या दिवशी. आठ तासांच्या पाळीला २५ पीपीएम ही मर्यादा, आणि ३०० झालं की पाना टाकून पळायचं. ग्लँड अर्धा आटा आवळला, आकडा ४ वर आला.

आता तक्रारी. कॉम्प्रेसर चालू असला की याचा भोंगा ऐकूच येत नाही, थरथरीवरच भिस्त. थंड खोलीतून एकदम बाहेर आलं की मिनिटभर आकडा उगाच नाचतो. सगळ्यात वैताग कॅलिब्रेशनचा, म्हणजे आकडा बरोबर दाखवतो का ते तपासून लावून घेण्याचा. मीटर कुरिअरने पुण्याला पाठवला तो बारा दिवसांनी आला, तोवर परत गंधकाची काडी. सेन्सर दोनेक वर्षांत बदलावा लागतो, हे विकताना कुणी बोललं नाही.

भाचा जहाजावर आहे. तो सांगतो, पुढं जहाजंही अमोनियावर चालणार, त्यात कार्बनच नाही म्हणून. कार्बन हायड्रोजनमध्येही नाही, पण तो द्रव ठेवायला उणे २५३ अंश लागतात; अमोनिया उणे ३३ वरच द्रव राहतो, नाहीतर दहाएक बार दाबात साध्या तापमानालाही. मान्य. पण दुखणी आमचीच राहणार: पितळेचं फिटिंग चालत नाही, टाकी काठोकाठ भरायची नाही कारण उन्हात द्रव फुगतो. आणि आम्हाला गळती झाली तर गेटबाहेर पळता येतं, खलाशी कुठं पळणार? त्याला म्हटलं, बाबा, हा मीटर उशाशी ठेव.

पाचपैकी साडेतीन. मालक दुसरा घ्यायचा म्हणतायत. मी सांगितलंय, आधी सांगलीत कॅलिब्रेशन करून देणारा कुणी सापडतो का बघा.