सात महिने ब्रिटिश रहस्यकादंबऱ्यांच्या संगतीत

जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा मी ठरवले की, जुन्या ब्रिटिश रहस्यकादंबऱ्या आता सलग वाचायच्या आणि वाचताना शेजारी एक वही ठेवायची. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारवर पोसलेल्या वाचकाला त्यात अवघड काही जाऊ नये, असा माझा समज होता. सात महिन्यांत एकोणीस पुस्तके संपली. खुनी आधी ओळखता आला तो जेमतेम चार वेळा, आणि त्यातही एकदा रस्त्यावर घेतलेल्या जुन्या प्रतीत कोणा पुण्यवंताने तिसऱ्याच पानावर पेन्सिलीने नाव लिहून ठेवले होते.

सुरुवात विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’पासून (१८६८) केली, ते बरे झाले. श्रीरंगपट्टणच्या १७९९ सालच्या लुटीतून इंग्लंडला गेलेला हिरा यॉर्कशरमधल्या एका घरातून नाहीसा होतो. नुकत्याच रंगवलेल्या दारावरचा रंग एका जागी फरफटलेला असतो. स्थानिक पोलीस अधिकारी ती किरकोळ बाब म्हणून सोडून देतो, तर लंडनहून आलेला, गुलाबांच्या ताटव्यांत गुन्ह्याइतकाच रस असलेला सार्जंट कफ हा रंग वाळायला किती तास लागतात हे विचारतो, त्यावरून चोरीची वेळ ठरवतो आणि ज्या कपड्याला तो रंग लागला असेल त्याच्या मागे लागतो. पुढच्या साऱ्या कादंबऱ्यांची रीत मला त्या एका दारात दिसली: पुरावा लपवायचा नाही, वाचकासमोर उघडा ठेवायचा आणि तरी त्याचे लक्ष दुसरीकडे वळवायचे.

या कसबात ॲगाथा ख्रिस्तीचा हात धरणारे कोणी नाही. पहिल्या महायुद्धात तिने टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते, त्यामुळे १९२० च्या ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ या पहिल्याच कादंबरीत विषाची माहिती ऐकीव वाटत नाही. मला मात्र विषापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने चकवले. तिचा गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो बोलता बोलता शेकोटीवरच्या फळीवरील वस्तू सरळ रांगेत लावतो. मी वहीत ‘टापटिपीचा सोस, विनोदासाठी’ असे लिहून पुढे गेलो. शेवटी त्या सवयीचे महत्त्व कळल्यावर वहीतले ते पान उघडून पाहिले आणि स्वतःचेच हसू आले. तेव्हापासून या पुस्तकांतला कोणताही विनोद मी नुसता विनोद म्हणून वाचलेला नाही.

डोरोथी सेयर्सची गोष्ट वेगळी. ‘द नाइन टेलर्स’ (१९३४) मध्ये पूर्व इंग्लंडच्या पाणथळ प्रदेशातल्या चर्चच्या घंटा नववर्षाच्या रात्री नऊ तास वाजत राहतात, आणि त्या वाजवण्याचे क्लिष्ट गणित इतक्या तपशिलाने येते की, मी ते पुस्तक दोनदा मिटून ठेवले. तिसऱ्यांदा चिकाटीने वाचले, तेव्हा तो पूर, ते गाव आणि त्या घंटा मनात जाऊन बसल्या. ‘द फाइव्ह रेड हेरिंग्ज’बद्दल (१९३१) मात्र असे म्हणवत नाही. त्यात एके ठिकाणी सेयर्सचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी सार्जंटला काय शोधायचे ते सांगतो, आणि लेखिका चाणाक्ष वाचक ते स्वतःच ओळखेल असे म्हणून तेवढा तपशील गाळते. कल्पना झकास आहे. पण त्यानंतर रेल्वेच्या वेळा आणि सायकली यांचा जो हिशेब चालतो, तो मी अक्षरशः रेटून संपवला.

तक्रारी आणखीही आहेत. मेलेल्या माणसासाठी या घरांत फारसे कोणी रडत नाही. चहाची वेळ चुकत नाही. मोलकरणी बहुधा भित्र्या किंवा बावळट असतात, आणि परदेशी व ज्यू माणसांविषयीचे काही उल्लेख आज वाचताना खटकतात. रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये अशा कथांसाठी दहा नियम घालून दिले, त्यांतला एक कथेत चिनी माणूस नसावा असा आहे. रोख चिनी माणसांवर नसून त्यांना सर्रास खलनायक करणाऱ्या स्वस्त कादंबऱ्यांवर होता, असे त्याचे समर्थन करतात. तरी वाचताना अवघडल्यासारखे होतेच.

एवढे असूनही वाचन थांबलेले नाही. उलट आता शेवट माहीत असलेली पुस्तके पुन्हा काढतो आहे, कारण लेखकाने आपल्याला कोणत्या वाक्यात फसवले ते दुसऱ्या वाचनातच दिसते, आणि ती मजा पहिल्या वाचनाहून कमी नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) कोणी शेवट सांगून टाकण्याआधी वाचावे, आणि प्रत शक्यतो कोरी घ्यावी. माझ्या प्रतीतल्या पेन्सिलीने वाया घालवलेले पुस्तक नेमके तेच होते.