स्प्रिंग बूट: नवख्याला कितपत झेपतं?

जावात वेब ॲप्लिकेशन करायचं म्हणजे पूर्वी टॉमकॅट हा वेब सर्व्हर वेगळा बसवा, त्यात वॉर फाइल (ॲपचं गाठोडं) टाका, एक्सएमएलमध्ये सेटिंग भरत बसा, एवढा खटाटोप असायचा. २०१४ साली स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कची १.० आवृत्ती आली आणि टॉमकॅट ॲपच्या पोटातच गेला. आता जार (ॲपची एकच फाइल) चालवली की सर्व्हर सुरू. नवशिक्यासाठी आमची पसंती यालाच. फक्त एक ध्यानात ठेवायचं: जी लायब्ररी प्रोजेक्टमध्ये टाकाल, ती न विचारता कामाला लागते. सोय यातूनच मिळते आणि नवख्याचे बहुतेक घोळही इथूनच सुरू होतात.

सुरुवात स्प्रिंग इनिशियलायझरच्या (प्रोजेक्टचा सांगाडा बनवून देणाऱ्या) वेबपानावरून करावी. तिथे निवडा: मेवन (लायब्रऱ्या आणून प्रोजेक्ट बांधणारं साधन), जार पॅकेजिंग, जावा १७ किंवा २१ (बूट ३ पासून १७ च्या खाली चालतच नाही). ज्या आवृत्तीपुढे स्नॅपशॉट किंवा आरसी लिहिलंय, ती अजून पक्की नाही, सोडून द्या. डिपेंडन्सीत (लागणाऱ्या लायब्रऱ्यांत) फक्त स्प्रिंग वेब घ्या. यादी बघून जेपीए (डेटाबेससाठी), सिक्युरिटी (लॉगिनसाठी), सगळंच घ्यावंसं वाटतं. तिथे हात आवरा. झिप सोडवून त्यातच आलेल्या मेवन रॅपरने 'स्प्रिंग-बूट:रन' चालवा. पहिल्या खेपेला लायब्रऱ्या उतरायला वेळ लागतो, मग ८०८० पोर्टवर ॲप उभं राहतं.

आता हमखास होणारी चूक. मुख्य क्लास 'कॉम.एक्झाम्पल.डेमो' पॅकेजमध्ये आहे आणि तुम्ही कंट्रोलर (पत्त्यावर आलेल्या विनंतीला उत्तर देणारा क्लास) 'कॉम.एक्झाम्पल.वेब'मध्ये लिहिलात. कंपाइल होतं, ॲप सुरू होतं, लॉगमध्ये एक अक्षर तक्रार नाही, आणि ब्राउझरमध्ये ४०४ चं (पत्ता सापडला नाही) व्हाइटलेबल, म्हणजे बूटचं साधं एरर पान. कारण स्प्रिंग मुख्य क्लासच्या पॅकेजपासून खालीच शोधतं. शेजारच्या पॅकेजमध्ये डोकावत नाही. कंट्रोलर 'कॉम.एक्झाम्पल.डेमो.वेब'मध्ये हलवा, काम झालं. दुसरी चूक रेस्ट-कंट्रोलरऐवजी नुसतं कंट्रोलर अ‍ॅनोटेशन लावण्याची. मग तुम्ही परत केलेला मजकूर हा मजकूर न राहता टेम्प्लेटचं (एचटीएमएल पानाच्या साच्याचं) नाव समजला जातो. '/हॅलो' या पत्त्यावरून 'हॅलो' परत केलंत तर 'सर्क्युलर व्ह्यू पाथ' अशी चक्रावून टाकणारी एरर येते.

ॲप सुरूच होत नसेल, तर मात्र बूट चांगलं बोलतं. पोर्ट आधीच अडकलेला असेल तर काय झालं आणि काय करायचं, हे दोन परिच्छेदांत सांगतं. (प्रॉपर्टीज फाइलमध्ये 'सर्व्हर.पोर्ट' ८०८१ करा.) लांबलचक स्टॅक ट्रेसला (एररच्या तपशिलाला) घाबरण्याआधी तेवढं वाचत जा. ही सोय आम्हाला सगळ्यात आवडते.

डेटाबेस जोडताना पुन्हा तोच स्वभाव आडवा येतो. जेपीए टाकलं, पण डेटाबेसचा ड्रायव्हर आणि यूआरएल दिली नाही, तर डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी) जमत नाही म्हणून ॲप उठतच नाही. एचटू हा छोटा डेटाबेस टाकला तर काही न सांगता चालतं, कारण तो मेमरीत बसतो. टेबलं सुरू होताना बनतात, बंद होताना पुसली जातात. म्हणून ॲप पुन्हा चालवलं की नोंदी गायब. पुढे मायएसक्यूएलवर गेलात की उलटा प्रकार: तिथे टेबलं आपोआप बनत नाहीत, 'टेबल सापडलं नाही' अशी ओरड होते. हायबरनेटची (जेपीएमागे काम करणाऱ्या लायब्ररीची) 'डीडीएल-ऑटो' ही टेबलं बनवण्याची सेटिंग शिकताना 'अपडेट' ठेवली तर चालेल. खऱ्या सर्व्हरवर ती नको, तिथे टेबलांतले बदल सांभाळणारं फ्लायवे वापरा.

सिक्युरिटी टाकताच सगळे पत्ते कुलूपबंद होतात. नाव 'यूजर', पासवर्ड लॉगमध्ये छापलेला असतो आणि ॲप सुरू करताना दर वेळी नवा बनतो. लॉगिन केल्यावर गेट (माहिती मागणारी विनंती) चालतं, पोस्ट (माहिती पाठवणारी) अडतं, कारण सीएसआरएफ टोकन (बनावट विनंती ओळखायची खूण) नसतं.

जुन्या शिकवण्यांतून कोड उचलताना जपून. नोव्हेंबर २०२२ च्या ३.० मध्ये 'जावाएक्स.परसिस्टन्स'चं 'जकार्ता.परसिस्टन्स' झालं, त्याआधीचे इम्पोर्ट कंपाइल होत नाहीत.

डेव्हटूल्स जरूर घ्या, बदल दिसायला ॲप हाताने बंद-चालू करावं लागत नाही. इंटेलिजे या एडिटरमध्ये मात्र नुसतं सेव्ह करून भागत नाही, बिल्ड दाबावं लागतं. क्लास फाइल बदलली तरच डेव्हटूल्सला जाग येते.