सरासरी 15 टक्के कबूल केली, लाखाचे 92,800 हातात ठेवले

कापसाचे चुकारे खात्यात पडले की गावोगाव एजंट फिरतात, हे कोणाला सांगायला नको. या एजंटाने पैसे दुप्पट करून देतो असं म्हटलंच नाही, म्हणून तर विश्वास बसला. "खालीवर होईल, पण चार वर्षांची सरासरी 15 टक्के," एवढंच बोलला. आणि ती आलीही! 80 टक्के नफा, 50 तोटा, 60 नफा, 30 तोटा. बेरीज 60, भागिले 4.

आता रुपये मोजा. लाखाचे 1,80,000, मग निम्मे होऊन 90,000, मग 1,44,000, शेवटी 1,00,800. दरसालचा 2,000 'खर्च' शेवटी कापला, उरले 92,800. 50 टक्के तोटा मूळ लाखावर नाही, फुगलेल्या 1,80,000 वर बसतो. खर्च कापण्याआधीच खरा वार्षिक चक्रवाढ दर जेमतेम 0.2 टक्के, कापल्यावर तर तोटाच.

दुसऱ्या वर्षाच्या चिठ्ठीवरच हे उघडं पडलं होतं. एका ओळीत 'सरासरी 15%', खालच्या ओळीत 'शिल्लक 90,000'. मुद्दलच घटलं होतं! तिथंच पैसे काढायला हवे होते. तर एजंट म्हणे, फलंदाज एका डावात शून्यावर जातो, पुढच्या डावात शतक ठोकतो, सरासरी पाहा. अहो, धावांची बेरीज होते, पैशाचा गुणाकार. आजच्या शून्यानं उद्याचं शतक निम्मं होत नाही. आणि क्रिकेटमध्येही भागायचं कशानं ते बघावंच लागतं: ब्रॅडमनच्या 6,996 धावा 80 डावांतल्या, पण 99.94 येते ती 70 वेळा बाद झाल्यानं भागून. 80 नं भागा, 87.45 येईल.

लोकांना अडाणी म्हणू नका. बारावी झालेली पोरंही बेरीज जुळली म्हणून गप्प बसली. शाळेत सरासरी अशीच शिकवतात.

पोलीस ठाण्यात सांगितलं, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. बँकेत म्हणाले, पैसे तुम्हीच वळते केले. तहसीलमध्ये तर अर्जावर आवक शिक्का मारायलाही खळखळ! ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा राज्यात 1999 पासून आहे. तो इथं लागतो का, एवढं पाहायची तसदी एकानंही घेतली नाही. मग शेतकऱ्यानं जायचं कोणाच्या दारी?

एजंटाकडे सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. टक्के सांगितले की म्हणा, लाखाचे किती ते लिहून सही करा. खर्च मुद्दलावर कापणार की शिलकेवर, तेही लिहून घ्या. चिठ्ठ्या फेकू नका. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर घरबसल्या करता येते, आणि अर्ज कुठंही द्या, शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.