गुरांच्या हालचालींचे प्रतिमान: स्थिर जाळे की कालक्रमी?

जनावरांच्या खरेदी-विक्रीतून एका गोठ्यातील रोग दुसऱ्या गोठ्यात कसा पोहोचतो हे अभ्यासताना गोठे व बाजार हे ठिपके आणि त्यांच्यातील हालचाली या रेषा मानून वर्षभराच्या नोंदींचे एकच स्थिर जाळे मांडावे, की प्रत्येक हालचाल तिच्या तारखेसह ठेवून कालक्रमी जाळे उभारावे, हे आधी ठरवावे लागते. ब्रिटनमधील गुरांच्या नोंदींवर मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. दोन्हींना आपापली जागा आहे, तरी माझा कल लपून राहणार नाही.

स्थिर जाळे हलके असते, साध्या लॅपटॉपवर चालते आणि पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना समजावून सांगणे सोपे जाते. कोणत्या बाजारांवर आधी पाळत ठेवावी एवढेच ठरवायचे असेल, तर बहुधा ते पुरेसे ठरावे.

माझे त्याच्याशी बिनसले ते बाजारावरून. बाजारात जनावर फार तर एखादा दिवस थांबते, पण स्थिर जाळ्यात तो वर्षभर उघडा असलेला एकच ठिपका होतो आणि नोव्हेंबरमध्ये तिथे आलेल्या गायीचा रोग मार्चमध्येच तिथून बैल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात शिरल्याचे दिसते. अशा अशक्य वाटा इतक्या निघत की, मोठ्या बाजारांचे आकडे मला खरे वाटेनासे झाले. यावर उपाय म्हणून प्रत्येक बाजाराचा दरदिवशी वेगळा ठिपका करून पाहिला. मात्र तसे केल्यावर आपण अर्ध्याहून अधिक कालक्रमी पद्धतीतच आलेलो असतो.

ब्रिटनमधील २००१ च्या लाळ-खुरकूत साथीत याच तारखांना महत्त्व होते. २० फेब्रुवारीला एसेक्समधील कत्तलखान्यातील डुकरांमध्ये रोग निश्चित झाला आणि २३ तारखेला जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली. पण तोवर बाधित मेंढ्या हेक्सम व लाँगटाउनच्या बाजारांतून दूरवर गेल्या होत्या. मेंढ्या बाजारात नेमक्या कोणत्या दिवशी होत्या, यावरच पुढचा माग अवलंबून होता.

कालक्रमी पद्धत मात्र नोंदींतील चुका खपवून घेत नाही. निघण्याआधीच पोहोचलेली जनावरे तिथे लगेच उघडी पडतात आणि ती निस्तरण्यात वेळ जातो. तारखांचा क्रम पाळून माग काढणारे ‘एपिकॉन्टॅक्टट्रेस’ हे स्वीडनमधील संशोधकांनी ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेसाठी केलेले मोफत साधन सुरुवातीला सोयीचे वाटले.

आपल्याकडे २०२२ मध्ये लम्पीमुळे गुरांचे बाजार बंद झाले, त्याचा परिणाम तपासायचा असेल तर केवळ जाळ्यावर विसंबू नये. हा रोग चावणाऱ्या कीटकांमार्फतही पसरतो, त्यामुळे जवळच्या गोठ्यांतील प्रसार वेगळा जोडावा लागतो. धनगरांच्या फिरत्या कळपांना तर ‘गोठा ते गोठा’ ही चौकटच नीट बसत नाही. या दोन्ही बाबतींत दोन्ही पद्धती सारख्याच अपुऱ्या आहेत.

तरीही रोग रोखण्याच्या उपायांची तुलना करायची असेल, तर मी तारखांसहच काम करण्याचे सुचवेन. इंग्लंडमध्ये नवी जनावरे गोठ्यात आल्यावर तिथली गुरे-मेंढ्या सर्वसाधारणपणे सहा दिवस हलवता येत नाहीत. या नियमाने विक्री थांबत नाही, फक्त पुढे ढकलली जाते. त्यामुळे वर्षभराच्या स्थिर जाळ्यातील रेषा जवळजवळ होत्या तशाच राहतात आणि नियमाचा उपयोग किती झाला, हे त्यातून कळण्याची सोयच उरत नाही.