धर्मसेवकांसाठीचे आत्महत्या प्रतिबंध प्रशिक्षण : एका कीर्तनकाराचा अभिप्राय

अंबाजोगाईत एका स्वयंसेवी संस्थेने कीर्तनकार, इमाम, भंते आणि पाद्री यांच्यासाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला मी थोडा कुरकुरतच गेलो, कारण वीस वर्षे दहाव्याची प्रवचने करणाऱ्याला दुःखाविषयी कोण काय शिकवणार, असा माझा समज होता. तो पहिल्याच सरावात मोडला. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या भूमिकेतील शिक्षक ‘महाराज, जिवाचा कटाळा आलाय’ एवढेच म्हणाले आणि मी नरदेहाच्या दुर्लभतेवर निरूपण सुरू केले. प्रशिक्षण देणाऱ्या डॉक्टरांनी मला हातानेच थांबवून विचारले, ‘महाराज, त्यांचं बोलणं संपलं होतं का?’

आत्महत्या हे पाप आहे असे बजावल्याने पुष्कळदा माणूस केवळ आपल्याशी बोलायचा थांबतो, हे तेथे उमगले. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात भरत नाही, हे पटायला मात्र मला दुसरा दिवस उजाडावा लागला. होकार आला तर त्याला एकटे सोडू नये, घरातले फवारणीचे औषध दुसरीकडे हलवायला सांगावे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत आणि चोवीस तास चालणारा क्रमांक आपल्याच फोनवरून लावून द्यावा, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, हे सारे प्रत्यक्ष करवून घेतले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते आणि तिला शिक्षा होत नाही, ही माहिती पोलिसांच्या धाकाने दवाखाना टाळणाऱ्या घरांपर्यंत पोहोचवणे आम्हालाच सोपे आहे.

सर्वांत मोलाचे सत्र मागे राहिलेल्यांविषयीचे होते. अशा घरी दहाव्याला बसल्यावर मृताला दोष द्यायचा नाही आणि त्याच्या धाडसाचे कौतुकही करायचे नाही. पहिली चूक मी स्वतः केलेली असल्याने त्या तासाला मान खाली घालून बसलो होतो.

उणिवाही आहेत. पडद्यावरची भाषा पुस्तकी होती. ‘नैराश्य’ हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नाही, ‘मन लागंना’ म्हणतात. महिला कीर्तनकार दोनच होत्या. नंतर अडचण आली तर विचारायचे कोणाला, हेही ठरले नाही. तीनशे रुपये शुल्क, दोन वेळच्या जेवणासह, रास्त वाटले. पुढचे प्रशिक्षण मात्र हरिनाम सप्ताहांच्या दिवसांत ठेवू नये. निम्मे कीर्तनकार त्यामुळेच आले नाहीत.