ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर मशीन नमुन्याचे हजारो थेंब करतं, थेंबाथेंबात हवा तो डीएनए वाढवतं आणि चमकणारे (पॉझिटिव्ह) थेंब मोजून प्रतींची संख्या सांगतं. आमच्याकडे या मशीनवर दोन कामं चालतात. एक, रक्तातल्या मुक्त (पेशींबाहेर तरंगणाऱ्या) डीएनएमध्ये ट्यूमरचं म्युटेशन शोधणं. दुसरं, क्रिस्पर-कॅस९ (डीएनए ठरावीक जागी कापणारं जीन एडिटिंगचं साधन) वापरलेल्या पेशींत किती टक्के प्रती खरोखर बदलल्या ते मोजणं. दुसऱ्या कामात मशीनने मन जिंकलं. पहिल्या कामात ते उत्तम आहे, पण माहितीपत्रकातला संवेदनशीलतेचा आकडा पाहून घेऊ नका.

गणित सरळ आहे. माणसाच्या जीनोमची एक प्रत साधारण ३.३ पिकोग्रॅमची, म्हणजे १० नॅनोग्रॅम डीएनएत जेमतेम ३,००० प्रती. म्युटेशन ०.१ टक्का असेल तर त्यात बदललेल्या प्रती सरासरी तीन. पॉइसॉनच्या (दुर्मीळ घटनांच्या संभाव्यतेच्या) हिशोबाने शंभरातल्या पाच वेळा नळीत एकही येणार नाही. मशीन कितीही भारी असो, नसलेली प्रत ते कुठून दाखवणार? त्यात निरोगी डीएनएच्या कंट्रोलमध्येही अधूनमधून एखादा पॉझिटिव्ह थेंब निघतोच. म्हणून मी आधी रक्ताकडे बघते: ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतला प्लाझ्मा काही तासांत वेगळा झाला का? उशीर झाला की पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत ट्यूमरचा अंश बुडून जातो. मुक्त डीएनएचे तुकडे बहुतेक १६७ बेसच्या आसपास असतात, तेव्हा अ‍ॅम्प्लिकॉनही (पीसीआरने वाढवला जाणारा तुकडा) १०० बेसच्या आत ठेवलेला बरा.

आता जीन एडिटिंग. एक प्रोब (जुळणाऱ्या डीएनएवर बसून चमकणारा छोटा तुकडा) कॅस९ जिथे कापतो त्या जागेवर, म्हणजे पीएएमच्या (कॅस९ला लागणाऱ्या छोट्या खुणेच्या क्रमाच्या) तीन बेस अलीकडे. दुसरा त्याच अ‍ॅम्प्लिकॉनवर थोडा लांब. न बदललेली प्रत दोन्ही रंगांत चमकते, इंडेल (काही बेस घुसणं किंवा गळणं) झालेली एकाच रंगात. पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके सुटे दिसले की टक्केवारी लगेच हातात येते, स्टँडर्ड कर्व्हची (माहीत असलेल्या नमुन्यांशी तुलनेच्या आलेखाची) भानगडच नाही. मात्र त्या जागी आधीच एखादा एसएनपी (एका बेसचा नैसर्गिक फरक) असेल तर तोही एडिटसारखाच दिसतो, त्यामुळे त्याच पेशींचा एडिट न केलेला कंट्रोल हवाच.

हाताळणीत घाई नको. २० मायक्रोलिटरचे सुमारे २०,००० थेंब होतात आणि प्लेटमध्ये हलवताना पिपेट जोरात दाबला की फुटतात. १०,००० पेक्षा कमी थेंब मोजले गेले तर तो वेल (प्लेटमधला खळगा) आम्ही सोडून देतो.

गाइड आरएनए (कॅस९ला कापायची जागा दाखवणारा) निवडण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात हे मशीन लागतच नाही. सँगर सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचण्याची जुनी पद्धत) आणि त्याच्या आलेखावरून बदलांची टक्केवारी काढणारी, २०१४ मध्ये आलेली टाइड पद्धत तिथे पुरते. फक्त चार-पाच टक्क्यांखालच्या बदलांवर तिचा भरवसा धरू नये. कोणता इंडेल झाला, फ्रेम (तीन-तीन बेसच्या वाचनाचा क्रम) सरकली का, हे हवं असेल तर अ‍ॅम्प्लिकॉन सिक्वेन्सिंगला पर्याय नाही.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची वाटते. कॅस९मुळे हजारो बेसही उडू शकतात, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रायमरची (पीसीआर जिथून सुरू होतो ती) जागाच गेली की ती प्रत दोन्ही रंगांतून गायब होते आणि एडिटिंग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. यासाठी आम्ही दुसऱ्या क्रोमोसोमवरचा एक संदर्भ जीनही मोजतो. त्याच्या तुलनेत लक्ष्य जागेच्या प्रती घटल्या, की तो क्लोन (एका पेशीपासून वाढवलेला गट) लाँग-रेंज पीसीआर (लांब तुकडे वाढवणारा) होईपर्यंत पुढे जात नाही.