शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला ए.ए.ची बैठक जमते का? माझा तीन वर्षांचा अनुभव

मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. फर्स्ट, सेकंड, नाइट, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना. तिच्या बैठकांना जायला लागून मला तीन वर्षं झाली. तिथे नेमकं काय चालतं हे तेव्हा कुणी नीट सांगितलं असतं तर मी आधीच गेलो असतो, म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा गेलो तो नेटवर सापडलेल्या कुठल्याशा जुन्या यादीतला पत्ता घेऊन. शाळेच्या गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, "ते लोक इथून जाऊन वर्ष झालं." मी तिथून सरळ परमिट रूम गाठली, आणि पुन्हा हिंमत करायला चार महिने गेले. त्यामुळे कळकळीने सांगतो, निघण्याआधी ए.ए.च्या हेल्पलाइनला फोन लावा. मी लावला तेव्हा उचलणारा स्वतः दारूतून बाहेर आलेला होता. राहता कुठे, शिफ्ट कुठली, एवढंच त्याने विचारलं आणि मला घ्यायला बसस्टॉपवर माणूस पाठवला. त्या दिवशी तो माणूस तिथे नसता तर मी परत फिरलो असतो.

बैठक शाळेच्या वर्गात असते. बाकं लहान पोरांची, गुडघे अडकतात. फळ्यावर सकाळचे पाढे तसेच. दहा-पंधरा माणसं. आधी थोडा वेळ शांतता, मग प्रार्थना, दारूतून बाहेर येण्यासाठी ए.ए.ने सांगितलेल्या बारा पायऱ्यांपैकी एखादीचं वाचन आणि त्यानंतर एकेक जण स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही. दारूचे दुष्परिणाम ऐकायला मिळतील असं मला वाटलं होतं. ते तर मी घरी रोज ऐकत होतो. इथे प्रत्येक जण फक्त आपलं सांगतो. ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, म्हणून दुसऱ्या कुणाचं मी लिहिणार नाही. माझं लिहितो.

सकाळी माझा हात इतका थरथरायचा की मायक्रोमीटर धरता येत नसे. शेजारच्या मशीनवरच्या पोराला म्हणायचो, "जरा रीडिंग बघ रे, चष्मा विसरलोय." मला चष्मा नाहीच. तो पोरगा वर्षभर रीडिंग घेत राहिला, कधी काही बोलला नाही. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या बैठकीत त्या बाकावर बसून सांगितलं आणि रडलो. कुणी समजूत घातली नाही की सल्ला दिला नाही. चहाचा कप पुढे आला, आणि पुढचा माणूस बोलायला लागला. मला तेवढंच हवं होतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर थरथर वाढते, झटके येऊ शकतात, भास होतात. बैठक म्हणजे दवाखाना नव्हे. आधी डॉक्टरांना दाखवा. मीही दाखवलं होतं. कुठे जावं सुचत नसेल तर केंद्र सरकारची १४४४६ ही नशामुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन आहे.

पैशाचं म्हणाल तर फी नाही, फॉर्म नाही. थैली फिरते, नवीन माणसाने टाकलं नाही तरी चालतं. बाहेरची देणगी घेत नाहीत, खोली आणि चहा त्या थैलीतूनच भागतो. देवाचं नाव येतं, पण आपल्याला समजेल तो देव. आमचं घर वारकऱ्यांचं, मला काही अडलं नाही. देव न मानणारेही माझ्या शेजारी बसतात. अट एकच, पिणं थांबवायची इच्छा.

अडचण आहे ती वेळेची. माझ्या भागातल्या बैठका संध्याकाळी सात ते साडेआठ. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात एकही मिळत नाही. रविवार सकाळची एक सापडली, पण दोन बस बदलून जावं लागतं. बायका तर तीन वर्षांत मोजून दोन पाहिल्या, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पिणाऱ्या बायका नाहीत असं थोडंच आहे?

सेकंड शिफ्टच्या अशाच एका आठवड्यात, रात्री सव्वाअकराला गेटबाहेर पडलो. सुपरवायझरशी भांडण झालं होतं, डबाही तसाच राहिला होता. समोर परमिट रूम उघडी. बैठकीतल्या एका काकांचा नंबर होता, तो लावला.

"जेवलास का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही काका."

"मग आधी जेव. गाडीवर भुर्जी-पाव मिळेल बघ. फोन ठेवू नकोस."

मी भुर्जी खाईपर्यंत ते लाइनवर होते. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपासून जपायचं हे बैठकीत कितीदा ऐकलं होतं. त्या रात्री चारही माझ्या अंगावर होते. मला विचाराल तर ए.ए.ची खरी सेवा ही आहे. म्हणून पहिल्याच दिवशी निदान तिघांचे नंबर घ्या, आणि एक बैठक आवडली नाही तर दुसरीकडे जाऊन बघा. मला माझी खोली तिसऱ्या ठिकाणी सापडली.

बायको आता अल-अनॉनला जाते. ते पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतं. तिथे काय बोलते ते मी विचारत नाही.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद असते, तेव्हा बैठक दुसरीकडे भरते. त्या दिवसांत फोन केल्याशिवाय निघू नका.